अकरावा रकाना

बाइंडरने तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती त्याच्याकडे बघतच नव्हती.

कॉलेजच्या ग्रंथालयाखाली सोळा पायऱ्या उतरून गेलं की त्याची खोली लागायची. एक लांब टेबल, लोखंडी दाबयंत्र, पुठ्ठ्यांच्या थप्प्या आणि सगळीकडे खळीचा वास. शिवण उसवलेलं एक जाडजूड पुस्तक छातीशी धरून ती दारात उभी होती, आणि तिची नजर भिंतीतल्या कपाटाच्या कुलपावर खिळली होती.

"पुस्तक इकडे ठेवा, मॅडम," तो म्हणाला.

"काका, हे कुलूप कशाला लावलंय?"

"आत चांगलं कातडं आहे, महागातलं. कुणी नेऊ नये म्हणून."

"मग कुलूप लावा की. हे तर नुसतं लटकवलंय."

बाइंडर हसला. एकतीस वर्षांत त्या कुलपाला कुणी नावं ठेवली नव्हती. "मग उघडून दाखवा," तो गमतीने म्हणाला. तिने पुस्तक ठेवलं, केसातली पिन काढली, त्याच्याकडून एक जाड सुई मागून घेतली आणि कुलपापाशी मान तिरकी करून उभी राहिली. बाइंडरला कामात आकडे मोजायची सवय होती. त्याने वीस म्हणेपर्यंत कुलूप तिच्या तळहातावर होतं.

"मॅडम," तो म्हणाला, "एवढी कला हातात असताना या पगारावर मास्तरकी करायला आलात?"

त्यावर ती हसली. तिच्या बेताच्या अंगाला ते हसू जरा मोठंच होतं.

चाळिशीला टेकलेली बाई. अकरा वर्षं एका विमा कचेरीत आकडेमोड करण्यात घालवलेली, मग हट्टाने अभ्यास करून डॉक्टरेट मिळवलेली, आणि महिन्याभरापूर्वी इथे संख्याशास्त्र शिकवायला लागलेली. तिच्याबरोबर लागलेली माणसं तिच्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान होती. वर्षभर प्रोबेशन, ते संपल्यावर कायम करायचं की नाही ते कमिटी ठरवणार. विमा कचेरीची नोकरी तिने सोडून दिली होती, म्हणजे मागे फिरायला वाट नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाइंडर सायकल स्टँडच्या पत्र्याच्या शेडखाली पाइप ओढत बसला होता. आवारात तेवढ्याच एका जागी 'येथे धूम्रपानास परवानगी आहे' अशी पाटी होती. ती तरातरा चालत आली.

"काका, हे शिकायला किती दिवस लागतात?"

"काय, बाइंडिंग?"

"पाइप. माझ्याकडे अठरा दिवस आहेत."

मग तिने सगळं सांगितलं. कॉलेजात नव्या माणसाच्या माहितीचा एक फॉर्म असायचा. त्यात अकरावा रकाना 'छंद' असा होता. एका जुन्या विभागप्रमुखांनी प्रथा पाडली होती की महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळ्यांनी जमायचं आणि नव्या माणसाने आपला छंद तासभर इतरांना उलगडून दाखवायचा. माणसांनी मार्कांखेरीज दुसरं काहीतरी बोलावं एवढाच हेतू. कुणी तिकिटं आणली होती, कुणी माउथ ऑर्गन वाजवला होता. भूमितीच्या सरांनी कागदाचा बेडूक करून तो हेडक्लार्कच्या टकलावर उडवला होता. याला सगळे 'छंदाचा तास' म्हणत. बायकांना मात्र या तासातून सूट होती. त्यांना घरी जायची घाई असते, असं कुणीतरी कधीतरी ठरवून टाकलं होतं.

तिचा फॉर्म कारकुनाने टाइप करून सहीपुरता पुढे सरकवला, तेव्हा अकराव्या रकान्यात आधीच लिहिलेलं होतं: वाचन, विणकाम.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सगळ्या मॅडमचं तेच घालतो," कारकून प्रामाणिकपणे म्हणाला. "वेळ वाचतो."

"मला विणकाम येत नाही."

"मग नुसतं वाचन ठेवू?"

तिचा खरा छंद बाइंडरने पाहिलाच होता. घरी तिच्याकडे जुन्या बाजारातून आणलेली चाळीसेक कुलपं होती, आणि रोज जेवणानंतर त्यातलं एखादं मांडीवर घेऊन बसल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पण प्रोबेशनवरच्या माणसाने सरकारी फॉर्मवर 'कुलपं उघडणे' असं लिहू नये, एवढी अक्कल तिला होती. तिने खिडकीबाहेर पाहिलं. शेडखाली थोरले सर, म्हणजे विभागातले सगळ्यात जुने प्राध्यापक, आणि त्यांच्या शेजारी बाइंडर, असे दोघं शांतपणे धूर सोडत बसले होते. तिने विणकामावर काट मारली, वाचनावर काट मारली, वर 'पाइप ओढणे' असं लिहिलं आणि सही केली. "आणि या महिन्याचा तास माझा," असंही सांगून आली.

"कधी सिगारेट तरी ओढलीत?" बाइंडरने विचारलं.

"कधीच नाही."

"म्हणजे खोटं लिहिलंत."

"अठरा दिवसांनी खरं होईल."

बाइंडरने पाइप तोंडातून काढला. "बाई, हे काही चांगलं व्यसन नाही. माझी जीभ पार मेली आहे. बायकोच्या स्वयंपाकात मीठ कमी की जास्त, मला पत्ता लागत नाही."

"म्हणूनच संसार टिकला असेल."

बाइंडरने पाइप परत तोंडात घातला. तो कुणाशी वाद घालणाऱ्यातला नव्हताच. 'मॅडम' जाऊन 'बाई' कधी तोंडात आलं तेही त्याला कळलं नाही.

फुकट शिकायचं नाही असं तिने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. तुम्ही मला पाइप, मी तुम्हाला कुलूप. दुपारच्या सुटीत ती सोळा पायऱ्या उतरून यायची आणि टेबलावर एका बाजूला पाइप आणि दुसऱ्या बाजूला कुलूप ठेवलं जायचं. खोलीत फक्त भरायची तालीम. पेटवायचं ते शेडखाली जाऊन. कागदाच्या राशीत काडी ओढायची नाही, हा नियम बाइंडरने स्वतःला घालून घेतला होता आणि तो त्याने एकदाही मोडला नव्हता.

"पहिला थर सैल. फुंकर मारली तर उडेल असा. दुसरा जरा बसता, पुठ्ठ्यावर कापड चिकटवतो तसा. तिसरा घट्ट, पण दगड नको. आणि ओढू नका हो, गरम चहाचा घोट घेतो तसं घ्या. छातीत न्यायचंच नाही."

तंबाखू दाबायला लोक खास हत्यार बाळगतात. बाइंडर घडी दाबायच्या हाडाच्या पट्टीचं अरुंद टोक वापरायचा. तीही तेच शिकली. पहिल्या आठवड्यात जीभ इतकी पोळली की वर्गात 'सरासरी' म्हणायची वेळ आली की ती फळ्यावर लिहूनच भागवायची.

इकडे बाइंडरला कुलूप जमेना. त्याच्या बोटांना कागदाची जाडी केसाएवढी कळायची, पण आतली खीळ कळत नव्हती. "ढकलू नका, काका, ऐका," ती म्हणायची. बाराव्या दिवशी कुलूप खट्कन उघडलं तेव्हा तो इतका हरखला की घरी जाऊन बायकोला सांगितल्याशिवाय राहवलं नाही. "छान," बायको म्हणाली. "आता म्हातारपणी घरं फोडा."

एका औषधाच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन ती मावशीबरोबर राहत होती. मावशीने पहिल्याच संध्याकाळी वास ओळखला होता. तो प्रसंग तिने बाइंडरला दोन्ही आवाज काढून सांगितला.

"कोण आहे गं तो?"

"कोण कोण?"

"ज्याच्या धुराचा वास तुझ्या कपड्यांना येतोय तो."

"मावशी, तो धूर माझाच आहे."

मावशी मटकन खुर्चीत बसली. "अरे देवा. मला वाटलं, एवढ्या वर्षांनी तुझं काहीतरी चांगलं घडतंय."

तासाला पाच दिवस असताना विभागप्रमुखांनी तिला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. शिस्तीचा होता, कडक इस्त्रीचा होता, आणि आपल्या विभागाबद्दल इतर विभागांत हसू होऊ नये एवढीच त्याची इच्छा होती.

"हे थट्टेने लिहिलं गेलं, असं एका ओळीत लिहून द्या. विषय संपला."

"थट्टा नाही, सर. मी ओढते."

"मॅडम, तुम्हाला कायम करण्याच्या कागदावर माझा शेरा लागतो, हे ठाऊक आहे ना?"

"आहे, सर. पण थोरले सरही ओढतात. तीस वर्षं."

"त्यांची गोष्ट वेगळी."

"कशी?"

प्रमुखांनी टेबलावरचे कागद सरळ केले. "ते ज्येष्ठ आहेत."

"तुम्ही चांगला शेरा दिलात तर मीही होईन, सर."

शिक्षकांच्या खोलीत हा तास होणार नाही, असं प्रमुखांनी तिथल्या तिथे सांगितलं. "बरोबर आहे," ती म्हणाली. "आत धूर नकोच." आणि बाहेर येऊन तिने स्वच्छ अक्षरात नोटीस लावली: छंदाचा तास, शनिवार, साडेबारा, सायकल स्टँडची शेड.

चौदा माणसं आली. काही प्रेमाने, काही फजिती बघायला. बाइंडर मागे, एका खांबाला टेकून उभा होता.  तिने तीन थर भरले, हाडाची पट्टी दाबली, काडी ओढली. पाइप विझला. "विझतो," ती म्हणाली आणि दुसरी काडी ओढली. तीही गेली. "परत विझला. यात लाजायचं काही नसतं." तिसऱ्या काडीला धूर आला, निळसर, सरळ वर जाणारा, आणि कुणीतरी नकळत टाळी वाजवली.

मग तिने चांगली तंबाखू कशी ओळखायची ते सांगितलं. "डबा उघडल्यावर आधी मातीचा वास येतो, मग सुक्या गवताचा, आणि सगळ्यात शेवटी शिजलेल्या पिठाचा."

"कशाचा?" थोरल्या सरांनी विचारलं.

"शिजलेल्या पिठाचा."

थोरले सर इतके हसले की त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. बाइंडरचे कान तापले. त्याची तंबाखू वर्षानुवर्षं पीठ शिजवून केलेल्या खळीच्या धुतलेल्या डब्यात राहायची. त्याच्या नाकाला तो वास कधीच कळेनासा झाला होता, आणि ती शिकली ती त्याच डब्यावर. जगातल्या सगळ्या तंबाखूला खळीचा वास येतो, असं तिला वाटत होतं.

"मॅडम, तीस वर्षांत मला तरी कधी पिठाचा वास आला नाही!"

तिने मागे बाइंडरकडे पाहिलं, त्याचा चेहरा पाहिला आणि काय झालं असावं ते तिच्या लक्षात आलं. "तुमच्या तंबाखूला येत नसेल, सर," ती शांतपणे म्हणाली. "माझ्या तंबाखूला येतो."

तास संपता संपता बीजगणिताच्या बाईंनी विचारलं, "पण हे खूळ डोक्यात आलं कुठून?" तिने अकराव्या रकान्याची हकिकत सांगितली. बाईंच्या कपाळावर आठी पडली.

"म्हणजे माझ्या रकान्यात काय आहे?"

गंमत बघायला आलेला कारकून सायकलींच्या मागे सरकू लागला.

"बोला ना."

"विणकाम, मॅडम."

"मला? आमच्या घरी बटण तुटलं तर नवरा लावतो!"

सोमवारी कचेरी उघडली तेव्हा काउंटरशी सहा बाया उभ्या होत्या. प्रत्येकीने आपला फॉर्म मागून घेतला. एकीने पोहणे लिहिलं, एकीने बुद्धिबळ. एकीने नुसतीच काट मारली आणि 'अजून ठरलेलं नाही' असं लिहिलं. बीजगणिताच्या बाईंनी लिहिलं, 'झोप'.

"झोप हा छंद होत नाही, मॅडम," कारकून कळवळून म्हणाला.

"दोन मुलं, सासू आणि सकाळी सातचं लेक्चर सांभाळून काढून बघा. मग सांगा."

प्रमुखांना हे सगळं त्याच दिवशी कळलं. त्यानंतर तिच्याशी ते कामापुरतंच बोलू लागले. तिने तासाला उशीर केला नाही, पेपर वेळेत तपासले, तिच्या वर्गातली मुलं कमी नापास झाली. यातलं काही त्यांनी नाकारलंही नाही. ती रोज दुपारी शेडखाली पाइप ओढायची आणि शनिवारी बाइंडरकडे नवं कुलूप घेऊन यायची.

वर्ष संपायला तीन आठवडे उरले असताना बाइंडरला प्रमुखांच्या खोलीत बोलावणं आलं. समोर टाइप केलेला कागद होता. त्यावर दोनच वाक्यं होती: सदर शिक्षिका बाइंडिंगच्या खोलीत वारंवार येत असत. तेथे पुस्तकांमध्ये बसून त्या धूम्रपान करीत असत.

"सही करा," प्रमुख म्हणाले.

बाइंडरने चष्मा पुसला आणि कागद दोनदा वाचला. असा कागद कमिटीपुढे गेला तर ग्रंथालयात आग लावणारी बाई म्हणून तिला त्याच दिवशी घरी पाठवतील, हे कळायला फार शिक्षण लागत नव्हतं.

"सर, पहिलं वाक्य खरं आहे."

"आणि दुसरं?"

"दुसरं घडलेलं नाही."

"अहो, खोलीत पाइप असायचा ना? लोकांनी बघितलाय."

"असायचा. गार असायचा, सर."

"तुम्हाला यात काही त्रास होणार नाही. तुमचं नाव मी बाहेर येऊ देणार नाही."

 वरिष्ठासमोर बाइंडर कधी 'नाही' म्हणाला नव्हता. आताही त्याला तो शब्द सापडला नाही. त्याने प्रमुखांच्याच टेबलावरचं पेन उचललं, दुसऱ्या वाक्यावर पट्टीने मारावी तशी सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'खोलीत त्यांनी एकदाही काडी ओढली नाही. एकतीस वर्षांत मीही ओढली नाही.' मग सही केली, तारीख घातली.

"हा कागद माझ्या काय कामाचा?" प्रमुख म्हणाले.

"माझं म्हणणं तेवढंच आहे, सर."

सोळा पायऱ्या उतरून येऊन तो अर्धवट राहिलेलं पुस्तक शिवायला बसला. तिला त्याने यातलं काही सांगितलं नाही. कमिटीच्या बैठकीत टिपण घ्यायला कारकून होता. पुढचं बाइंडरला त्याच्याकडून कळलं.

कमिटीत तिघं होते: प्राचार्य, प्रमुख आणि थोरले सर. आगीची गोष्ट निघालीच नाही. प्राचार्यांनी गोडीने विचारलं, "यापुढे आवारात पाइप ओढणार नाही आणि झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे, एवढं लिहून द्याल? आजच कायमचं पत्र काढतो."

"शेडच्या पाटीवर 'येथे धूम्रपानास परवानगी आहे' असं आहे," ती म्हणाली. "त्यात 'फक्त पुरुषांना' असं रंगवून घ्या, मी आजपासून सोडते. पण खाली तुम्ही तिघांनी सह्या करायच्या. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळेल, कुणी ठरवलं ते."

थोरले सर हातातल्या थंड पाइपकडे बघत बसले. ते तिच्या बाजूने काही बोलले नाहीत, विरुद्धही बोलले नाहीत. कारकून म्हणाला, "मला तर टिपणात काय लिहू तेच कळेना. मी लिहिलं, चर्चा झाली."

चार दिवसांनी पत्र आलं. कामात खोट काढता येत नव्हती म्हणून नोकरी गेली नाही. शिरही झुकलं नाही म्हणून ती कायमही झाली नाही. प्रोबेशन आणखी एका वर्षाने वाढवलं होतं. पोच देताना तिने सहीखाली दोन शब्द लिहिले: मान्य नाही.

त्या संध्याकाळी बाइंडर तिच्या घरी गेला. तिला एकटं वाटू नये म्हणून निघाला होता, पण मावशी आधीच तोफ डागत होती.

"सांगा हो तुम्ही तरी हिला! तुम्हीच शिकवलंत ना? अगं, तुला तो पाइप आवडतो तरी का?"

 तिने खोटं बोलायचं नाही असा चेहरा केला. "आधी मुळीच आवडत नव्हता. आता आठवड्यातून दोनदा आवडतो."

"दोनदा! आणि उरलेले दिवस?"

"उरलेले दिवस ओढते."

"मग एक वर्ष कळ काढ ना बाई. सोड म्हणत नाही मी. कायम झालीस की ओढ, हवा तेवढा ओढ."

"कायम झाल्यावर कुणीही ओढेल, मावशी."

मावशीने हताश होऊन बाइंडरकडे पाहिलं. बाइंडरने मान खाली घातली, कारण त्याला हसू येत होतं आणि मावशीसमोर ते बरं दिसलं नसतं.

दुसरं वर्ष संपल्यावर आणखी एक पत्र आलं. त्यावरही तिने तेच दोन शब्द लिहिले. कारकून आता कुणाचाच अकरावा रकाना भरत नाही. फॉर्म कोरा पुढे करतो आणि पेनही स्वतःहून देतो. बाइंडर या वर्षी निवृत्त होईल. त्याच्या कपाटाला तिने निवडून दिलेलं कुलूप आहे आणि किल्लीशिवाय ते त्यालाही अजून उघडता आलेलं नाही.

ती सध्या पहिल्या वर्षाच्या दोन तुकड्यांना संख्याशास्त्र शिकवते, दोन्ही मिळून एकशे बारा मुलं. तिचं प्रोबेशनचं तिसरं वर्ष चालू आहे.